सोव्हिएट वस्तरा व त्याची पारख

वस्तरा हें हत्यार दिसण्यांत साधें, पण घडविण्यास फार कठीण. तो मनुष्याच्या गळ्यावरून फिरावयाचा असतो. म्हणून त्याच्या घडणींतील लहानसा दोषहि कातडीस तत्काळ कळतो. सोव्हिएट रशियांत तयार झालेले जुने वस्तरे आज ज्यांच्या हातीं येतात, त्यांचा अनुभव मोठा विलक्षण असतो. एकाच कारखान्याचा शिक्का असलेल्या दोन वस्तऱ्यांपैकीं एक उत्कृष्ट निघतो, तर दुसरा अगदीं बेताचा. असें कां व्हावें, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं विचार करण्याजोगा आहे.

प्रथम पोलादाकडे पाहूं. शुद्ध लोखंड मऊ असतें. त्यांत योग्य प्रमाणांत कर्ब मिसळला म्हणजे त्याचें पोलाद होतें. वस्तऱ्याच्या पोलादांत हा कर्ब शेंकडा सुमारें एक भाग असतो. असें पातें ७५० ते ८०० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास तापवून तेलांत किंवा पाण्यांत एकदम बुडविलें कीं तें अतिशय कठीण होतें. यासच आपले लोहार ‘पाणी देणें’ म्हणतात. परंतु नुसतें कठीण पातें कांचेसारखें ठिसूळ असतें. म्हणून तें पुन्हां सुमारें १५० ते २०० अंशांपर्यंत सावकाश तापवावें लागतें. ही दुसरी उष्णता अधिक झाली तर धार मऊ पडून वळते; कमी झाली तर धारेचे कण उडतात. नंतर पातें फिरत्या चाकावर दोन्ही अंगांनीं खोलगट घासतात, आणि अखेरीस निसण्यावर धार लावतात. चांगल्या वस्तऱ्याची धार एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि बारीक असते.

रशियांत या धंद्याचें माहेरघर म्हणजे ओका नदीच्या परिसरांतील, निझनी नॉव्हगोरॉड प्रांतांतलीं पाव्हलोव्हो, वोर्स्मा व वाचा हीं गांवें. क्रांतीच्या पुष्कळ आधींपासून तेथें घरोघर चाकू व कुलुपें तयार होत. वोर्स्मा येथील इव्हान झाव्यालोव्ह हा शेरेमेत्येव्ह या सरदार घराण्याचा भूदास; पण त्याच्या मालास सबंध रशियांत नांव मिळालें. सामान्य कारागिराची स्थिति मात्र हलाखीची होती. दलाल भाव पाडून माल घेत. कोरोलेंको या लेखकानें १८९० सालच्या आपल्या पाव्हलोव्होविषयींच्या लेखांत या हालांचें वर्णन केलें आहे. १९१७ सालच्या क्रांतीनंतर असे कारखाने सरकारच्या ताब्यांत गेले. वाचा येथील कोंद्रातोव्ह यांच्या कारखान्यास ‘त्रूद’, म्हणजे ‘श्रम’, हें नांव मिळालें, व तोच शिक्का पुढें तेथील वस्तऱ्यांवर उमटला.

दलाल गेला; परंतु त्याच्या जागीं आंकडा आला. १९२८ सालीं पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली, आणि किती नग तयार झाले यावरून कारखान्याची योग्यता ठरूं लागली. नग मोजतां येतात. पण शेवटचा हात किती काळजीनें फिरविला, हें कसें मोजावें? प्रत्येक कारखान्यांत तपासणीचें खातें होतें व त्याचा शिक्काहि मालावर असे. तरीहि निकृष्ट माल बाहेर पडेच. अखेर १० जुलै १९४० रोजीं सरकारनें हुकूम काढला कीं, असा माल पाठविणाऱ्या कारखान्याचे संचालक, मुख्य इंजिनिअर व तपासणी-अधिकारी यांस ५ ते ८ वर्षें तुरुंगवास द्यावा. एवढी धाक घालूनहि प्रश्न सुटला नाहीं. कारण १९६७ सालीं उत्तम मालासाठीं ‘गुणवत्तेचें चिन्ह’ निराळें सुरू करावें लागलें.

या इतिहासाची खूण वस्तऱ्यांतच सांपडते. पोलाद बहुधा चांगलें असतें व त्यास पाणीहि नीट दिलेलें असतें. पण घासणी व धार हीं कामें कित्येकदां घाईचीं असतात. म्हणून असा वस्तरा पारखतांना शिक्का पाहून थांबूं नये. पातें सपाट कांचेवर हलकेंच आडवें ठेवावें. पाठ व धार दोन्ही पूर्ण लांबीभर टेकलीं तर पातें सरळ आहे; डुगडुगलें तर तें वांकलें आहे. नंतर पाठीची जाडी पाहावी. धार लावतांना पाठ व धार एकाच वेळीं निसण्यावर टेकतात, त्यामुळें पाठीच्या जाडीवरच धारेचा कोन ठरतो. ती एका टोकास झिजलेली असेल तर धार सर्वत्र सारखी लागणार नाहीं. धारेशीं गंजाचे खड्डे किंवा चीर असेल तर तो वस्तरा सोडून द्यावा. हे दोष नसतील, तर निसण्यावर धीरानें धार लावून व चामड्याच्या पट्ट्यावर परजून तो उत्तम काम देतो. कारखान्यांत जें काम घाईनें उरकलें गेलें, तें घेणाऱ्यास आपल्या हातानें पुरें करावें लागतें, इतकेंच.

पाल्याचें प्रगतिपुस्तक पाहणाऱ्या पालकांनीं व तें घरीं नेणाऱ्या मुलांनीं यावरून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गुणांचा आंकडा हा शिक्का आहे. त्याची गरज आहेच. परंतु पोलादास पाणी कसें दिलें, हें शिक्क्यावरून कळत नाहीं व शिक्षेच्या भयानें साधतहि नाहीं. तें काम करणाऱ्याच्या स्वतःच्या काळजीनेंच साधतें, आणि त्याची परीक्षा वस्तरा गळ्याशीं आल्यावर होते.