‘त्याला कशाला लस?’

२०२१ साली कोरोनाच्या लसीसाठी आम्ही कार्यकर्त्या ओझर आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये घरोघर फिरत होतो. घरात माणसं किती, असं विचारलं की उत्तर यायचं, "पाच." तेवढ्यात आतल्या खोलीतून कुणीतरी खोकायचं. मग कळायचं, सहावं माणूसही आहे. "तो होय? त्याचं डोकं ठिकाणावर नसतं, ताई. त्याला कशाला लस?"

मानसिक आजार असलेला माणूस लसीला नकार देतो, असं सगळे धरूनच चालतात. आमचा अनुभव वेगळा आहे. बहुतेक घरांत त्याला कुणी विचारलेलंच नव्हतं. विचारलं, तर प्रश्न तुमच्या-आमच्यासारखेच. ताप येईल का? रोजच्या गोळ्या चालू ठेवायच्या का?

काहींची भीती मात्र मोठी असते आणि तिला कारणही असतं. ज्याला कधीकाळी चौघांनी हातपाय दाबून इंजेक्शन दिलंय, त्याला सुई म्हणजे जबरदस्तीच वाटणार. कुणी म्हणायचं, लसीतून शरीरात यंत्र सोडतात. त्यावर हसू नये. हीच अफवा तेव्हा शहाण्यासुरत्यांच्या मोबाईलवरही फिरत होती. अशा माणसाजवळ बसावं, सुई कुठे टोचणार, किती वेळ लागेल हे सांगावं, आज नको म्हणाला तर परत जावं. फसवून नेलं तर तो पुढच्या वेळी दाराबाहेरही येत नाही.

धोका तर त्यालाच जास्त. या आजारांत तंबाखूचं व्यसन, वाढलेलं वजन, मधुमेह जास्त आढळतात. काही औषधांनीही वजन आणि साखर वाढते. तरीही १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या ज्या रुग्णांना आधी लस मिळाली, त्यांच्या २० आजारांच्या यादीत हृदयरोग होता, कर्करोग होता. स्किझोफ्रेनिया आणि नैराश्य नव्हतं. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला सांगावं लागलं, की मानसिक आरोग्य संस्थांमधल्या लोकांच्या लसीकरणाचं वेळापत्रक ठरवा. पण आपली माणसं अशा संस्थांत कुठे आहेत? ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथं सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. आपला माणूस मागच्या खोलीत आहे आणि त्याला केंद्रावर नेणाऱ्या आईचा त्या दिवसाचा रोज बुडतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. आजार आहे म्हणून त्या माणसाला स्वतःच्या उपचाराचं कळतच नाही, असं हा कायदा मानत नाही. सांगितलेलं त्याला समजत असेल आणि आपलं म्हणणं तो कोणत्याही प्रकारे सांगू शकत असेल, तर निर्णय त्याचा. घरच्यांनी मदत करावी, परस्पर उत्तर देऊ नये.

कोरोना मागे पडला, पण लसीचा प्रश्न संपलेला नाही. आज आम्हाला सगळ्यात जास्त काळजी कुत्रा चावण्याची वाटते. रात्री-अपरात्री बाहेर भटकणाऱ्या माणसाला कुत्रं चावतं, तो घरी सांगत नाही, सांगितलं तर "बरळतोय" म्हणून कुणी लक्ष देत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून तो म्हणत असेल तर आधी जखम पाहा. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. रक्त आलं असेल तर लसीबरोबर सीरमही लागतं. पोटातली १४ इंजेक्शनं आता नाहीत. लस दंडात देतात. पहिल्या डोसानंतर कार्डावर लिहिलेली प्रत्येक तारीख पाळा, मधे सोडू नका.

कोणत्याही लसीसाठी मानसिक आजाराच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. लिथियम चालू असेल तर लसीनंतर ताप आल्यास भरपूर पाणी द्या. मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी आणून देऊ नका, त्याने रक्तातलं लिथियम वाढतं. पॅरासिटामॉल चालतं. हातपाय थरथरू लागले, उलट्या झाल्या किंवा बोलणं अडखळू लागलं, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. मनाच्या आजाराबद्दल काही विचारायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. रुग्ण स्वतःही फोन करू शकतो.