गोठ्यातला पांढरा पाहुणा

लग्नकार्याला चार नातेवाईक जमले, जेवणं आटोपली आणि नेमकी वीज गेली की गप्पांची गाडी हमखास भुताखेतांवर येते. कुणाला पिंपळाखाली कुणीतरी दिसलेलं असतं, कुणाला चकव्याने रात्रभर एकाच माळावर फिरवलेलं असतं. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याने काहीतरी अनुभवलेलं असतंच. प्रश्न एवढाच, की ते काय होतं?

चकव्याचंच घ्या. जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथल्या संशोधकांनी काही माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालत राहायला सांगितलं. त्यांचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं साधारण सरळ चालली. आभाळ भरून आलं तेव्हा मात्र ती गोल फिरून आपलीच वाट पुन्हा ओलांडत होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. अमावास्येच्या रात्री माळावर अडकलेल्या आपल्या माणसाचं याहून वेगळं काय होत असेल?

असा एक अनुभव माझ्याही गाठीला आहे. कुडाळजवळच्या आमच्या गावात तेव्हा वीज आली नव्हती. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. श्रावणातल्या एका रात्री आजीबरोबर गोठ्यात गेलो. कंदील खाली ठेवून आजी गुरांना गवत घालू लागली, तोच वरून फुत्कार ऐकू आला. मान वर केली तर वाशावर काहीतरी पांढरंफटक. त्याला हात नव्हते, पत्त्यातल्या बदामासारखा चेहरा होता आणि मागच्या भिंतीवर माणसाएवढी सावली हलत होती. क्षणात ते आमच्या डोक्यावरून निघून गेलं. आवाज म्हणून झाला नाही.

दोन दिवसांनी मला ताप भरला. त्याच आठवड्यात गाईची कास सुजली आणि दूध आटलं. मोठ्यांनी तिन्ही गोष्टी एका माळेत ओवल्या. ‘‘झिला, ती बायलमाणूस होती काय रे?’’ असं मला जो तो विचारू लागला. माझ्या उत्तरासाठी मात्र कुणी थांबलं नाही. शेजारच्या घरात एकटी राहणारी विधवा काकी होती, तिच्यावर बोट ठेवलं गेलं. तिला विहिरीवर येण्याची बंदी झाली, आम्हा मुलांना तिच्या अंगणात जायची. दिवाळीपूर्वीच ती भावाकडे निघून गेली. ते दार पुन्हा उघडलेलं मी पाहिलं नाही.

पुढे कॉलेजात असताना पक्ष्यांवरचं एक पुस्तक हाती आलं आणि एका पानावर तोच बदामी चेहरा समोर उभा राहिला. नाव होतं, गव्हाणी घुबड! गव्हाण म्हणजे गुरांना चारा घालायची जागा. या पाहुण्याचा पत्ता आपल्या भाषेने त्याच्या नावातच लिहून ठेवला होता. हे घुबड घूत्कार करत नाही. ते किंचाळतं, आणि डिवचलं की फुत्कारतं. गवताच्या आणि भाताच्या आसपास उंदीर असतात, म्हणून ते माणसाच्या वस्तीजवळ राहतं. त्याचे पसरलेले पंख तीनेक फूट भरतात. त्या पंखांच्या पुढच्या कडेला फणीसारखे बारीक दाते असतात आणि पिसं मऊ असतात, त्यामुळे उडताना आवाज होत नाही. आणि सावली? दिवा जमिनीवर असला की लहानशा पक्ष्याचीही भिंतीवर माणसाएवढी आकृती होते. कास सुजून दूध आटण्याच्या आजाराला शेतकरी ‘दगडी’ म्हणतात. चिखलात बसणाऱ्या गाईला सडातून जंतुसंसर्ग होऊन तो जडतो. आणि श्रावणात मुलांना ताप येणं यात नवल ते काय?

तिन्ही गोष्टींची कारणं वेगवेगळी होती आणि तिन्ही साधी होती. काकीचा त्यांपैकी एकीशीही संबंध नव्हता.

पुष्कळजण म्हणतात, ‘‘अहो, असू द्या की थोडी गूढता, कुणाचं काय बिघडतं?’’ कुणाचं तरी बिघडतं. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवते असं भासवणं हाही त्यात गुन्हा आहे. गाईच्या दुधाचा उल्लेख कायद्यात करावा लागला, यावरून अशा किती काकींची दारं बंद झाली असतील याची कल्पना यावी.

आणि नवल तरी कुठे कमी होतं? गव्हाणी घुबडाच्या दोन कानांची भोकं वरखाली असतात. दोन्हीकडे पोचणाऱ्या आवाजातला बारीक फरक टिपून ते मिट्ट काळोखात नेमका उंदीर उचलतं. मला तर हे कुठल्याही हडळीपेक्षा अद्भुत वाटतं.

तेव्हा तुमच्या घरातलं मूल कधी घाबरून आलं, काहीतरी पाहिलं म्हणालं, तर त्याला हसू नका आणि दटावूही नका. जवळ घेऊन विचारा: केवढं होतं? उजेड कुठून येत होता? आवाज कसा होता? ‘काय होतं’ हे नीट कळेपर्यंत ‘कोण होतं’ हा प्रश्न मात्र तोंडातून काढू नका.