क्लाऊडवरील दप्तराची मूळ मिती

मितीवाचून रोजमेळ नाही, हे व्यापारी बंधूंस आम्ही सांगावयास नको. आता दप्तर संगणकावर आले आणि त्याची दुसरी प्रत क्लाऊडवर ठेवण्याची पद्धत पडली. परंतु फाईलमधील मजकूर प्रतीबरोबर जातो. तिची तारीख मात्र मजकुराबाहेर, संगणकाच्या नोंदीत असते. म्हणून ब्राउझरमधून क्लाऊडवर चढविलेली फाईल परत उतरविली, की तिच्यावर बहुधा उतरविल्या दिवसाचीच तारीख दिसते. वस्तू व सेवा कर कायद्यान्वये हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने राखावे लागतात. तेवढ्या काळानंतर कोणती प्रत आधीची व कोणती नंतरची, हे कसे ओळखावे?

आम्ही पुढील रीत सुचवितो. महिन्याच्या फायली प्रथम झिपमध्ये एकत्र बांधाव्यात, मगच क्लाऊडवर चढवाव्यात. त्या गाठोड्यात प्रत्येक फाईलची शेवटच्या फेरफाराची तारीख टिकते. फाईलच्या नावातही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालावी, उदा. 'रोजमेळ २०२५-०३-३१'. म्हणजे यादी कालक्रमाने लागते. नाव कोणासही बदलता येते. म्हणून ही केवळ सोय समजावी, पुरावा नव्हे. अखेरीस एखादे गाठोडे उतरवून, सोडून, आतील तारखा मूळ फायलींशी ताडून पाहाव्यात. नमुना पाहिल्यावाचून आपण माल घेत नाही. प्रतीसही तोच नियम लावावा.