शजऱ्यामागचे कागद

घराण्याच्या पिढीवार नोंदीला आपण वंशावळ म्हणतो. मुसलमान घरांत तिला शजरा म्हणतात. अरबीत ‘शजर’ म्हणजे झाड. मराठीतही वंशवृक्ष हा शब्द आहेच. घराणं सांगताना दोन्ही भाषांना झाडच आठवलं, याचं मला फार कौतुक वाटतं. पण आज बोलायचं आहे ते या झाडाखालच्या पाचोळ्याविषयी, म्हणजे वंशावळ तयार करताना जमलेल्या कागदांविषयी.

सोलापूरच्या कुठल्याही पेठेत असा एखादा गृहस्थ भेटतो. नोकरीतून निवृत्त झालेला, हौसेनं मोडी शिकलेला. त्याच्या पिशवीत वह्या असतात, सातबाऱ्याच्या नकला असतात, कबरीवरचे किंवा समाधीवरचे लेख उतरवून घेतलेले चिठोरे असतात. लग्नात जेवणापेक्षा त्याचं लक्ष म्हाताऱ्या माणसांकडे. घरची माणसं वैतागून म्हणतात, “मेलेल्यांची शिरगणती करून काय मिळणार?”

हे काम आपल्याकडे नवं नाही. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर अशा क्षेत्रांच्या ठिकाणी उपाध्यांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या आहेत. आपल्या दक्षिण भागात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात हेळवी येतात. ते दारात बसून घराण्याची नावं वाचून दाखवतात, नव्या मुलांची नावं लिहून घेतात आणि धान्य-पैसा घेऊन पुढच्या गावाला जातात. विसाव्या शतकात कोकणस्थांच्या अनेक घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तांत छापले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तर गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतली दप्तरं धुंडाळली आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. मोठा इतिहाससुद्धा असा घरगुती दप्तरांतून उभा राहतो.

आता कागद कुठले पाहायचे? जमीन असेल तर सातबाऱ्यापेक्षा जुने फेरफार पाहावेत. आपल्या भागात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. खातेदार वारला की वारसांची नावं फेरफारात चढतात, त्यामुळे एका नोंदीत दोन पिढ्या एकदम सापडतात. गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना चौदामध्ये असतात. शाळेचं जनरल रजिस्टर आहे, खरेदीखतं आहेत, काझींकडची निकाहची दप्तरं आहेत. ज्यांचे पूर्वज तेलंगणातून मागावर काम करायला आले, त्यांच्या घरी तेलुगू कागद निघतात. कुणाकडे कानडी, कुणाकडे उर्दू. आपलं शहरच असं आहे.

सनांकडे मात्र नीट लक्ष हवं. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो. फसलीत ५९० मिळवायचे. मोडी कागदांतल्या सुहूर सनात ५९९. हिजरीला अशी सरळ बेरीज चालत नाही, कारण ते चांद्र वर्ष आहे. त्याची ३३ वर्षं आपल्या सुमारे ३२ वर्षांत संपतात. हिजरी १३१० म्हणजे १८९२-९३ आणि फसली १३१० म्हणजे १९००-०१. सन कुठला हे पाहिलं नाही, तर मुलगा बापाच्या आधी जन्माला येतो!

या सगळ्या झाडांत एक मोठी उणीव आहे. त्यांना बायका नाहीत. ‘अमुकचा तमुक’ अशी पुरुषांची ओळ खाली उतरत जाते. आया, बहिणी, लेकी गायब. त्यांची नावं सापडतात ती कागदांतच. निकाहनाम्यात वधूचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, मेहरची रक्कम आणि साक्षीदार लिहिलेले असतात. शरियतप्रमाणे मुलीला वाटा आहे, म्हणून वारसाच्या कागदात तिचं नाव येतं. आणि हिंदू असो की मुसलमान, भावासाठी बहिणीनं अंगठा उठवलेलं हक्कसोडपत्र अनेक घरांत निघतं. तिचा हक्क गेला, पण नाव तेवढं त्या कागदावर राहिलं. वंशावळ साफसूफ करून छापताना ते पुन्हा गाळू नये.

आणि ‘काय मिळणार’ या प्रश्नाचं उत्तर हल्ली सरकारी कचेरीतही मिळतं. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा लागतो. पिंजारी, तांबोळी, अत्तार अशा घरांतल्या पोरांची अडचण वेगळीच. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं. अशा वेळी एखाद्या जुन्या खरेदीखतातला ‘धंदा पिंजारी’ हा शब्द शोधत हिंडावं लागतं. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किंमत साऱ्या महाराष्ट्राला कळली.

म्हणून या हौशी मंडळींना एक विनंती. प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळालं ते लिहा: कुठल्या गावचा फेरफार, कुठला नंबर, कुणी सांगितलं, कधी सांगितलं. दोन कागद दोन गोष्टी सांगत असतील तर दोन्ही लिहा. मनाजोगती तेवढी ठेवू नका. घराण्याचा मोठेपणा वाढवायला एखादा सरदार किंवा अवलिया वरच्या फांदीवर बसवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण मागे कागद नसेल, तर ती ऐकीव गोष्ट. ती ऐकीव म्हणूनच लिहावी.

आणि घरच्यांना दुसरी विनंती. तो गृहस्थ गेल्यावर चौकट करून लावलेली वंशावळ भिंतीवर राहते, आणि पिशवी रद्दीत जाते. खरं तर चौकट पुन्हा करता येईल. पिशवी पुन्हा भरता येणार नाही, कारण ज्या म्हाताऱ्यांनी ते सांगितलं तेही आता नाहीत. पिशवी कोरड्या जागी ठेवा, कागदांचे फोटो काढा, एक प्रत नात्यातल्या दुसऱ्या घरी द्या.

ज्यांच्या घरी अशी पिशवी नाही, त्यांनी आज एक कोरी वही घ्यावी. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला तिच्या आजीचं नाव विचारावं. ते लिहावं, आणि त्याखाली सांगणारीचं नाव व आजची तारीख घालावी.