फिरणारं भिरभिरं

जत्रेतलं भिरभिरं घरी करायला घोटीव कागद उत्तम. वहीचा कागद वाऱ्याने लोळतो, पुठ्ठा वळत नाही. १५ सेंमीचा चौरस कापा, कर्णांवर घड्या घाला आणि चारही कोपऱ्यांतून घडीवरून आत कापत या. मध्यापासून ३ सेंमीवर थांबायचंच. पुढे गेलात तर मधला भाग फाटतो. आता आठ टोकं झाली. त्यातलं एक सोडून एक टोक मध्यावर आणा. ते दाबून घडी घालू नका, नुसतं वळवा. त्या गोलाव्यामुळेच पोकळी तयार होते, वारा तिच्यात शिरून पात्याला एका बाजूला ढकलतो आणि चारही पाती एकाच दिशेची असल्याने चक्र फिरतं.

टोकांतून टाचणी घाला, मागे एक मणी ओवा आणि टाचणी पेन्सिलीच्या खोडरबरात खुपसा. मणी टाळू नका. तो नसला तर कागद पेन्सिलीला घासतो आणि भिरभिरं अडतं. टाचणीभोवतीचं भोकही जरा सैल हवं. टाचणीचं टोक पलीकडे निघालं असेल, तर मुलांच्या हाती देण्याआधी त्यावर चिकटपट्टी गुंडाळा.