संगणकाचा बसलेला आवाज

गेल्या महिन्यांत माझ्या पुतण्यानें घरच्या लॅपटॉपवरील विंडोज प्रणाली पुसून पुन्हां नव्यानें बसविली. यंत्र झपाट्यानें चालूं लागलें, पण त्याचा आवाज मात्र बसला. गाणें लावावें तों गवई घागरींत तोंड घालून गात असल्याचा भास!

याचें कारण साधें निघालें. प्रणाली आणि ध्वनि-यंत्रणा यांच्यामध्यें एक दुभाषी लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. नव्या प्रणालीबरोबर मायक्रोसॉफ्टचा सर्वसामान्य दुभाषी येतो. तो काम भागवितो. परंतु लहानशा स्पीकरचें वैगुण्य झांकण्यासाठीं उत्पादकानें केलेली स्वरांची जुळणी त्यास ठाऊक नसते. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नेमका आमच्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून घेतला, आणि गाणें पूर्ववत् झालें.

मला खरी अडचण आली ती निराळीच. बंगळूरच्या नातीला मी दर रविवारीं ब्लूटूथ हेडफोन लावून संथा देतों. त्या रविवारीं तिचे 'श' आणि 'स' मला एकच ऐकूं येऊं लागले. तीनदां दटावलें. "आजोबा, मी 'श'च म्हणतें आहे," असें म्हणून पोर रडकुंडीस आली. पुतण्यानें हेडफोन काढून स्पीकरवर ऐकविलें, तों दोन्ही वर्ण स्वच्छ!

अशा हेडफोनास दोन मार्ग असतात: एक केवळ ऐकण्याचा, भरदार, दुसरा टेलिफोनसारखा, बोलण्या-ऐकण्याचा. नव्या प्रणालीनें आपण होऊन हेडफोनचाच माइक निवडला होता, म्हणून दुसरा मार्ग चालू झाला. त्यांत ध्वनीचे नमुने सेकंदास ८,००० (पुष्कळशा नव्या हेडफोनांत १६,०००) घेतात. सीडींत ते ४४,१०० असतात. नमुन्यांच्या निम्म्याहून अधिक कंपनें टिकत नाहींत. म्हणजे आमच्यासारख्या जुन्या हेडफोनांत ४,००० कंपनांवरचें सारें गळतें, आणि दंत्य सकाराचा सीत्कार तर बहुतांशीं त्याच्या वरच असतो!

उपाय एवढाच कीं, ध्वनीच्या सेटिंगांत व संभाषणाच्या ॲपमध्येंहि लॅपटॉपचा माइक निवडावा, आणि ऐकण्यासाठीं 'हँड्स-फ्री' ऐवजीं 'स्टिरिओ' ठेवावें. संभाषण चालू असतां इतर आवाज ८० टक्के उतरविण्याची व्यवस्थाहि प्रणालींत मुळांतच असते. गाणें मध्येंच क्षीण झाल्यास तीहि पाहावी.

पुढल्या रविवारीं नातीनें 'शंकर' आणि 'संकर' असे दोन्ही शब्द म्हणून दाखविले. मीं तिची क्षमा मागितली. तेव्हांपासून संथेपूर्वीं ती मलाच आधीं 'श' आणि 'स' ओळखावयास लावते.