28 दिवस म्हणजे एक महिना नव्हे

आजचा भाग ऑस्ट्रेलियातल्या प्रोटेक्शन व्हिसाबद्दल आहे. मायदेशी परत गेलो तर छळ होईल, जिवाला धोका आहे, असं सांगून जो व्हिसा मागतात, तो हा. अर्ज नाकारला जाणं वाईटच. पण मला जास्त खटकतं ते नकारानंतर सुरू होणारं घड्याळ.

नकार आला की ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनलकडे दाद मागता येते. 14 ऑक्टोबर 2024 ला जुन्या ट्रायब्युनलच्या जागी हे आलं. मुदत 28 दिवस, आणि डिटेन्शनमध्ये असलेल्याला त्याहूनही कमी. ही मुदत ट्रायब्युनलला वाढवताच येत नाही. आजारी होतो, इंग्रजी पत्र कळलं नाही, वकील मिळाला नाही... कारण कितीही खरं असो! ब्रिटनमध्ये मुदत फक्त 14 दिवसांची, पण उशिराचं कारण पटलं तर तिथला न्यायाधीश ती वाढवू शकतो. मला विचाराल तर मी 14 वाला कायदा घेईन.

आता दिवस मोजतात कसे ते नीट ऐका, कारण घोळ इथेच होतो. ई-मेल पाठवला, त्याच दिवसाअखेर तो तुम्हाला 'मिळाला' असं कायदा धरतो. उघडला का, स्पॅममध्ये गेला का, कोणी विचारत नाही. समजा 4 ऑगस्टला ई-मेल सुटला, तर शेवटचा दिवस 1 सप्टेंबर. 'महिना आहे की अजून' असं म्हणून 4 तारखेला अर्ज केला, तर खेळ खलास. पोस्टाने देशातल्या देशात पत्र आलं तर त्यावरच्या तारखेनंतर कामाचे 7 दिवस धरतात आणि मग 28 मोजतात.

त्यातून एजंटची भानगड वेगळीच. पत्रं घेण्यासाठी अर्जात त्याचं नाव दिलं असेल, तर त्याला कळलं म्हणजे तुम्हाला कळलं. त्याने ई-मेल दाबून ठेवला, फोन उचलला नाही, तरी घड्याळ तुमचंच चालू.

आणि मुदत गेल्यावर? कोर्टात जाऊ म्हणाल, तर ज्या नकारावर ट्रायब्युनलकडे जाता आलं असतं, त्या मूळ नकाराची सुनावणी फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्ट घेतच नाही. हाय कोर्टाचं दार राज्यघटनेमुळे उघडं राहतं, पण तिथे बघतात ती कायद्याची चूक. तुमची कहाणी खरी की खोटी, हे तिथे कोणी ठरवत नाही. देशात राहून दुसरा प्रोटेक्शन अर्ज करायचा, तर मंत्र्यांची परवानगी लागते. शिवाय हातातला ब्रिजिंग व्हिसा साधारण 35 दिवसांत संपतो, आणि त्यानंतर माणूस बेकायदा ठरतो.

एक फट मात्र आहे. 2019 मध्ये 'डीएफक्यू17' नावाच्या खटल्यात (निर्वासितांची नावं लपवतात, म्हणून असा कोड) फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठाने सरकारच्या पत्रावरच बोट ठेवलं. मुदत कधी संपते हे काढायला पत्राचे वेगवेगळे तुकडे जोडावे लागत होते. मुदत स्पष्ट सांगा असं कायदा म्हणतो. पत्रात ती स्पष्ट नाही, म्हणजे पत्र नियमात बसत नाही, म्हणजे घड्याळ सुरूच झालं नाही! म्हणून उशीर झालेल्या माणसानेही नकाराचं मूळ पत्र फेकू नये, ते इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवावं. सगळ्यांचीच सुटका यातून होते असं नाही, हेही सांगतो.

वेळ हातात असेल तर फॉर्म आधी भरा. ऑनलाइन भरता येतो, प्रोटेक्शनच्या प्रकरणात आधी फी भरावी लागत नाही, आणि पुरावे नंतर जोडता येतात. मेलबर्न-सिडनीतून ऐकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनो, तिथे असताना स्टुडंट व्हिसा नाकारला तर ट्रायब्युनल हेच, आणि दिवसही 28 च. ई-मेल किंवा पत्ता बदलला असेल तर आजच खात्याला कळवा. काम एजंटकडे असेल, तर नकाराचं पत्र त्याच्याकडून स्वतः मागून घ्या आणि त्यावरची तारीख बघा.